ऊस, पाणथळ आणि डग्लसबाई

अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात पाणथळ राखणाऱ्या एका संस्थेची आणि तिच्या चालकांची ओळख



ऊस आला की पाणी आले आणि पाणी आले की भांडण आले, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेली घरे गावोगाव आहेत. पण आज आम्ही ज्या भांडणाची हकीकत सांगणार आहोत, ते पाणी मिळावे म्हणून झालेले भांडण नव्हे. शेतातून बाहेर पडलेले पाणी पुढे कोणाच्या दारात जाते आणि जाताना आपल्याबरोबर काय घेऊन जाते, यावरून झालेले ते भांडण आहे. आणि ते झाले आपल्याच धंद्यातल्या माणसांशी, म्हणजे ऊसवाल्यांशी.

"मग ऊसवाल्यांच्या अंकात त्यांच्याशी भांडणाऱ्यांचे कौतुक कशाला?" असे एखादा सभासद विचारील. विचारणे रास्तच आहे. आमचे म्हणणे इतकेच की विरोधकाचे नीट ऐकून घेतल्याने पदरचे काही जात नाही. त्याने दाखवलेला दोष आपल्या बांधावर आहे की नाही, एवढे तरी पाहता येते. शिवाय ही संस्था ज्यांनी काढली आणि चालवली ती माणसे एकेक अशी आहेत, की कोणत्याही सभासद-संस्थेने त्यांच्यापासून चार गोष्टी घ्याव्यात. संस्थेचे नाव 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स', म्हणजे एव्हरग्लेड्सचे मित्र.

गवताची नदी

आधी मुलूख समजून घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात जिभेसारखी समुद्रात शिरलेली जमीन म्हणजे फ्लॉरिडा. तिच्या दक्षिण भागात ओकीचोबी नावाचे तळे आहे. तळे म्हणायचे एवढेच. त्याचा पसारा सुमारे ७३० चौरस मैल, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. खोली मात्र फारशी नाही. पूर्वी पावसाळ्यात हे तळे भरले की दक्षिणेच्या काठावरून सांडायचे आणि ते पाणी पन्नास-साठ मैल रुंदीच्या पट्ट्यातून शंभर मैल लांब समुद्राकडे सरकत जायचे. उतार म्हणाल तर मैलाला जेमतेम दोन इंच. पाणी कुठे घोट्याएवढे, कुठे कमरेएवढे. त्यात उभे असते करवतीसारख्या धारेचे गवत. हे पाणी वाहते आहे की थांबले आहे, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

हाच एव्हरग्लेड्सचा प्रदेश. बगळे, करकोचे, मगरींच्या दोन जाती, मासे यांचे ते घर. पण गोष्ट नुसत्या पाखरांची नाही. हे सरकते पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या चुनखडकात साठते. मायामीसारख्या मोठ्या शहरांच्या विहिरींना पाणी येते ते तिथूनच. वर पाणथळ आटली तर खाली समुद्राचे खारे पाणी आत शिरते. तेव्हा ज्याला लोक दलदल म्हणून नाक मुरडत होते, ती खरे तर त्या मुलखाची पाण्याची कोठी होती.

पाणी तोडले, ऊस आला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यकर्त्यांना ही कोठी दिसली नाही. दिसली ती फुकट गेलेली काळीभोर जमीन. १९०५ साली राज्यपाल झालेल्या ब्रॉवर्ड यांनी दलदल काढून शेती उभी करण्याचा विडा उचलला आणि तळ्यापासून समुद्रापर्यंत कालवे खणायला लावले. जमीन उघडी पडली, वस्ती झाली. पण १९२८च्या सप्टेंबरात मोठे वादळ आले, तळ्याचा मातीचा बांध फुटला आणि एका रात्रीत अडीच हजारांच्या वर माणसे बुडून मेली. त्यांत बहुतेक शेतावर राबणारे गरीब काळे मजूर होते. त्यानंतर तळ्याभोवती भक्कम बांध बांधण्यात आला. १९४७ साली पुन्हा मोठे पूर आले. १९४८ साली केंद्र सरकारने कालवे, बांध आणि पंप यांची प्रचंड योजना मंजूर केली. तळ्याच्या खालची सुमारे ७ लाख एकर जमीन शेतीसाठी राखली गेली. तळे आणि खालची पाणथळ यांच्यामध्ये शेती येऊन बसली आणि गवताच्या नदीची मान तिथेच आवळली गेली.

यानंतर ऊस आला. ऊस तिथे आधीही होता, पण बेताचा. १९६०च्या सुमारास अमेरिका आणि क्यूबा यांचे बिनसले, क्यूबाची साखर बंद झाली आणि फ्लॉरिडात उसाचे क्षेत्र पाहता पाहता कित्येक पटींनी वाढले. आपल्या सभासदांना वाचून नवल वाटेल, पण त्याच १९६० साली तळ्याकाठच्या बेल ग्लेड गावी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना काढला. जॉर्ज वेजवर्थ हे त्याचे संस्थापक अध्यक्ष. आपल्याकडे प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले ते १९५०च्या अखेरीस. त्यानंतर दहा वर्षांनी हा कारखाना. म्हणजे या गोष्टीत समोरच्या बाजूला नुसत्या बड्या कंपन्या नाहीत, सहकारी शेतकरीही आहेत. हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

कोण या डग्लसबाई?

संस्था काढणाऱ्या बाईंचे नाव मार्जरी स्टोनमन डग्लस. जन्म ७ एप्रिल १८९० चा. कॉलेज करून १९१५ साली त्या मायामीला वडिलांकडे आल्या. वडील वर्तमानपत्र चालवीत. दलदल उपसण्याच्या ब्रॉवर्डसाहेबांच्या योजनेवर त्यांनी आपल्या पत्रातून टीका केली होती. मुलगीही त्याच पत्रात बातमीदार झाली, पुढे नोकरी सोडून कथा-लेख लिहून पोट भरू लागली. मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह भागात १९२६ साली बांधलेल्या छोट्याशा घरात ही बाई शेवटपर्यंत राहिली. मोटार चालवायला कधी शिकली नाही.

१९४०च्या सुमारास एका प्रकाशकाने त्यांना मायामी नदीवर पुस्तक लिहायला सांगितले. ती नदी इतकी चिमुकली की तिच्यावर पुस्तक काय लिहायचे? बाईंनी तिच्या उगमाचा माग काढला तो थेट एव्हरग्लेड्सपर्यंत पोचला. मग भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी शास्त्रज्ञाकडे जाऊन त्यांनी विचारले की, ही दलदल नसून गवतातून वाहणारी नदी आहे असे म्हटले तर चालेल का? शास्त्रज्ञाने होकार दिला. पाच वर्षे खपून १९४७च्या नोव्हेंबरात 'द एव्हरग्लेड्स : रिव्हर ऑफ ग्रास' हे पुस्तक निघाले. पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबर १९४७ रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. त्या उद्यानासाठी अर्नेस्ट को नावाच्या गृहस्थाने वीस वर्षे जोडे झिजवले होते.

पुस्तकाने झाले काय? तर लोकांच्या तोंडचा शब्द बदलला. जोवर 'दलदल' म्हणत होते तोवर उपसायची बुद्धी होत होती. 'नदी' म्हटल्यावर तिच्या वरच्या अंगाला काय केले तर खालच्या अंगाला काय होईल, असा विचार सुरू झाला.

यात एक गंमत आहे. ज्या पाणथळीसाठी बाई उभी हयात झगडल्या, तिथे त्या फारशा हिंडत नसत. डास फार, ओल फार, म्हणून ती जागा माणसाने मुक्काम करण्यासारखी नाही, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. आवड म्हणून नव्हे, तर मुलखाची गरज म्हणून त्या भांडल्या. आम्हांला हे विशेष वाटते.

एक डॉलर वर्गणी

पुस्तक निघाले तेव्हा बाईंचे वय ५७. पुढची वीस-बावीस वर्षे त्या लेखनातच होत्या. संस्था काढली ती १९६९ साली, वयाच्या ७९व्या वर्षी. आपल्याकडे या वयात माणूस पारावर बसून सुनांची उणीदुणी काढतो.

निमित्त झाले विमानतळाचे. मायामीच्या पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोक्यावर, ३९ चौरस मैल पाणथळ घेऊन जगातला सर्वांत मोठा विमानतळ बांधायचे घाटत होते. १९६८ साली काम सुरूही झाले. एके दिवशी वाणसामानाच्या दुकानात बाईंना एक तरुण कार्यकर्ती भेटली. बाईंनी तिच्या कामाची वाहवा केली, तेव्हा त्या पोरीने उलट विचारले की, तुम्ही स्वतः यात काय करता? दुसऱ्याच दिवशी त्या पोरीचे वरिष्ठ, पक्षीरक्षणाचे काम करणारे जो ब्राउडर, बाईंच्या दारात हजर. भाषणे करा म्हणाले. बाई म्हणाल्या की, एकट्या म्हातारीचे कोण ऐकणार, पाठीशी संस्था हवी. मग काय, संस्थाच काढली.

सभासद वर्गणी ठेवली एक डॉलर. मुद्दामच एवढी कमी, की कोणालाही देता यावी. बाई गावोगाव गेल्या. महिला मंडळ म्हणू नका, शाळा म्हणू नका, जिथे चार माणसे जमतील तिथे उभ्या राहून बोलल्या. अंगाने अगदी लहान, उंची पाच फूट दोन इंच, डोक्यावर रुंद काठाची हॅट, गळ्यात मोत्यांची माळ, डोळ्यांवर काळा चष्मा. पण तोंड उघडले की सभा चिडीचूप. तीन वर्षांत सभासदांचा आकडा तीन हजारांवर गेला. दरम्यान सरकारी शास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी १९६९ साली अहवाल दिला की, हा विमानतळ झाला तर दक्षिण फ्लॉरिडाचा पाण्याचा सगळा मेळ बिघडेल. १९७०च्या जानेवारीत काम थांबले. तोवर एक धावपट्टी तेवढी बांधून झाली होती. १९७४ साली तो सारा परिसर सरकारने 'बिग सायप्रेस' नावाने राखीव केला. ही धावपट्टी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

पाणी उपसा म्हणणारी सभा

संस्था लोकप्रिय होती असे समजू नका. मायामीच्या बाजूला पाणथळीतच घरे बांधायला परवाने दिले गेले होते. पावसाळ्यात तिथे पाणी शिरायचेच, ते शिरले. घरवाले म्हणू लागले, सरकारने पाणी उपसून द्यावे. १९८३ साली त्यावर जाहीर सुनावणी झाली. खचाखच भरलेल्या त्या सभेत 'उपसू नका' म्हणणाऱ्या डग्लसबाई एकट्या. वय ९३, नजर जवळजवळ गेलेली. लोकांनी हुर्यो केली, नाही नाही ते बोलले. बाईंनी त्यांना सांगितले की याहून जोरात ओरडता येत असेल तर ओरडा. मी म्हातारी बाई, मला उकाड्याची सवय आहे आणि रात्रभर थांबायला माझी हरकत नाही. शेवटी उपसा करायचा नाही असाच निर्णय झाला.

त्यांचे दुसरे मोठे काम तळ्याच्या वरच्या अंगाला. किसिमी नावाची नदी १०३ मैल वळणे घेत ओकीचोबीत येत होती. १९६२ ते १९७१ या काळात सरकारी अभियंत्यांनी ती सरळ करून ५६ मैलांचा कालवा केला. वळणावळणाला गाळ आणि खत धरून ठेवणारी पाणथळ गेली आणि गुरांच्या कुरणांतली सगळी घाण सरळ तळ्यात येऊ लागली. नदी पुन्हा वाकडी करा, असा बाईंनी आणि आर्थर मार्शल या शास्त्रज्ञाने धोशा लावला. लोक हसले असतील. पण काम १९९९ साली सुरू झाले आणि २०२१ साली पुरे झाले. नदीचा मोठा भाग पुन्हा जुन्या वळणांनी वाहू लागला. सरळ केलेली नदी परत वाकडी करायला किती पैसा लागतो, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

आता आपल्या धंद्याचे

एव्हरग्लेड्सच्या गवताला स्फुरद अगदी नावापुरते लागते. शेतातून स्फुरदयुक्त पाणी आले की ते गवत हटते आणि त्याच्या जागी पाणकणसांचे दाट रान माजते. त्यात पाखरू उतरत नाही की मासा फिरत नाही. आपल्याला दोन पोती सुपर फॉस्फेट जास्त पडले तर काय बिघडते, असे वाटते. तिथे कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे शंभर कोटी भाग पाण्यात दहा भाग स्फुरद. इतकी ती जमीन नाजूक.

१९८८ साली केंद्र सरकारच्या वकिलाने राज्याच्याच पाणी-व्यवस्थापन मंडळावर दावा लावला, की शेतातले घाण पाणी तुम्ही राष्ट्रीय उद्यानात सोडता. वाद काही वर्षे चालला. १९९१ साली बाईंच्या नावाने एक कायदा झाला. १९९४ साली त्याच्या जागी नवा कायदा आणताना त्यालाही बाईंचेच नाव द्यायचे ठरले. बाईंनी मसुदा समजून घेतला आणि राज्यपालांना कळवले की, माझे नाव काढून टाका. त्यांचा आक्षेप असा, की घाण करणाऱ्यांना यात मुदतवाढ मिळते आहे आणि शुद्धीकरणाच्या खर्चाचे ओझे बहुतांशी जनतेवर पडते आहे. वय १०४. आदल्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला होता. नाव काढावे लागले आणि कायदा दुसऱ्या नावाने झाला. आपल्याकडे कोनशिलेवर नाव यावे म्हणून किती धावाधाव होते, ते आम्ही सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ऊसवाले म्हणत होते की तळ्यातले बहुतेक स्फुरद वरच्या कुरणांतून येते, आम्हांलाच का धरता? यात तथ्य होते. पण नव्या नियमांनी त्यांनाही काम लावले: शेतातून बाहेर जाणारे स्फुरद सगळ्यांनी मिळून पूर्वीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी करायचे. उपाय साधे होते. माती तपासल्याशिवाय खत टाकायचे नाही. टाकायचे ते फेकून नव्हे, तर ओळीला, मुळाशी. पाऊस पडला की लगेच पंप लावायचे नाहीत, इंचभर पाणी शेतातच जिरू द्यायचे. चाऱ्यांतला गाळ आणि शेवाळ वेळोवेळी काढायचे. आणि बाहेर जाणारे पाणी मोजायचे. झाले काय? २५ टक्के सांगितले होते, तिथे बऱ्याच वर्षांची सरासरी निम्म्याहून जास्त कपातीची भरली आणि ऊसही टिकला. शिवाय सरकारने ६० हजार एकरांच्या आसपास जमिनीवर मुद्दाम पाणथळी तयार केल्या. त्यातून गाळून मग पाणी खाली सोडतात.

आम्हांला वाटते, या हकीकतीतला हा गाभा आहे. संस्था भांडली नसती तर ऊसवाल्यांनी मोजमाप केले नसते, आणि ऊसवाल्यांनी मनावर घेतले नसते तर नुसत्या खटल्याने पाणी निवळले नसते.

तो खांब

बेल ग्लेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२४ साली नऊ फूट लांबीचा काँक्रीटचा एक खांब खालच्या खडकापर्यंत पुरला होता. वरचे टोक जमिनीच्या पातळीला होते. आज तो खांब सहा फुटांहून अधिक उघडा उभा आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. ती काळी माती म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली कुजलेले गवत. पाणी काढल्यावर तिला हवा लागली आणि ती हळूहळू जळून, उडून गेली. पूर्वी वर्षाला इंचभर जात होती, अलीकडे पाणी वर धरून ठेवू लागल्यापासून वेग कमी झाला आहे. म्हणजे पाणथळ राखा म्हणणारी बाई ऊसवाल्याच्या पायाखालच्या मातीबद्दलही बोलत होती.

आपली जमीन तशी नाही. पण कृष्णाकाठच्या क्षारपड शेतांकडे पाहा. पाणी जास्त, निचरा नाही, मीठ वर आले आणि सोन्यासारखी रानं चोपण झाली. तिथे कोणी खांब पुरला नव्हता एवढेच.

बाईंच्या मागे

डग्लसबाई १४ मे १९९८ रोजी, १०८ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांची रक्षा एव्हरग्लेड्समध्येच विखुरली. संस्थापक गेला की संस्था बसते, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही. पुढे काही काळ अध्यक्षपद ज्वानिता ग्रीन यांच्याकडे होते. त्याही मूळच्या मायामीच्या बातमीदार. बिस्केन उपसागर वाचवण्याच्या चळवळीत त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा. पुढच्या काळात कार्यकारी संचालिका झालेल्या ईव्ह सॅम्पल्स याही पत्रकारितेतूनच आलेल्या. तिघींचा धंदा एकच: कागद वाचायचे, प्रश्न विचारायचे आणि लोकांना समजेल असे सांगायचे.

संस्था प्रत्येक वेळी जिंकली असेही नाही. एका जागचे घाण पाणी पंपाने दुसरीकडे ढकलायला परवाना लागतो की नाही, हा प्रश्न या संस्थेने आणि तिथल्या मिकोसुकी आदिवासींनी २००४ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ओकीचोबीत उलटे पाणी सोडणाऱ्या पंपांवर वेगळा खटला लढवला, त्यात २००९ साली अपिलात संस्थेविरुद्ध निकाल गेला. २००८ साली राज्याने एका बड्या साखर कंपनीची १ लाख ८७ हजार एकर जमीन विकत घेऊन पाण्याला वाट करून देण्याचे जाहीर केले. मंदी आली, पैसा आटला आणि २०१० साली प्रत्यक्षात घेतली गेली ती २६ हजार ८०० एकर.

२०१६ आणि २०१८ साली ओकीचोबीवर विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आला. तळे फुगले की ते पाणी पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांकडे सोडतात, त्यामुळे नद्यांच्या मुखापर्यंत घाण पोचली. मासेमारी, हॉटेले, सगळेच बसले. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी काढलेली, साखरधंद्याची टिंगल करणाऱ्या नावाची 'बुलशुगर' ही संघटना पुढे याच संस्थेत विलीन झाली. म्हणजे ऊसवाल्यांशी वाद मिटलेला नाही. तळ्याच्या दक्षिणेला आणखी जमीन पाणी साठवायला आणि गाळायला हवी, असे संस्था म्हणते. आम्ही पिकवतो, कर भरतो, स्फुरद निम्म्यावर आणले, आता आणखी किती, असे ऊसवाले म्हणतात. दोन्हीकडे आपापला हिशेब आहे.

आणि ती धावपट्टी? २०२५च्या जूनमध्ये फ्लॉरिडा सरकारने त्याच जुन्या धावपट्टीवर, बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना ठेवण्यासाठी घाईने छावणी उभी केली. पर्यावरणाची तपासणी न करता बांधली, म्हणून संस्थेने दुसऱ्या एका संस्थेला बरोबर घेऊन २७ जूनला दावा लावला. ऑगस्टमध्ये खालच्या न्यायालयाने संस्थेच्या बाजूने मनाई हुकूम दिला, सप्टेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. परदेशी लोकांना कसे वागवावे, हा त्या देशाचा प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही. पण ५६ वर्षांपूर्वी ज्या जागेसाठी संस्था जन्मली, त्याच जागेसाठी तिला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. राखणदाराला सुटी नसते, ती अशी.

आपण काय घ्यावे?

आपल्या राज्यातही पाणथळी आहेत आणि त्यांतल्या काही ऊसपट्ट्यातच आहेत. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणथळ क्षेत्र रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातले ते पहिलेच. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या त्या पाण्याच्या आजूबाजूला ऊस, द्राक्षे, कांदा आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात, त्याच काठावर उसाचे फड उभे आहेत. त्या पाण्यात आपल्या शेतांतून काय जाते, हे आपल्याला माहीत असायला हवे. कोणी खटला घालीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

म्हणून आम्ही सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, लागणीपूर्वी माती परीक्षण करून घ्या. स्फुरद कमी असेल तर द्या, भरपूर असेल तर ते पैसे वाचवा. आणि खत द्याल ते मातीआड द्या. दुसरी, पाणी मोजून द्या, आणि पावसाळ्यापूर्वी चर-चाऱ्यांतला गाळ काढून तो रानात टाका. ती आपलीच माती आहे. तिसरी, प्रत्येक गटाने आपल्या शिवारातल्या चाऱ्या कोणत्या ओढ्याला मिळतात आणि तो ओढा कोणत्या तळ्याला किंवा नदीला मिळतो, याचा साधा नकाशा करावा. शाळेतली मुलेही हे काम आनंदाने करतील. येत्या सर्वसाधारण सभेत हे नकाशे मांडावेत आणि त्यावर चर्चा व्हावी, अशी आमची सूचना आहे.

डग्लसबाईंनी एका मुलखाला पाणी कुठून येते आणि कुठे जाते एवढेच विचारायला शिकवले. आपल्या संस्थेत भाव, उतारा, अंतिम बिल यांवर आपण हक्काने प्रश्न विचारतो आणि विचारलेच पाहिजेत. त्याच सभेत, त्याच हक्काने, शिवाराबाहेर जाणाऱ्या पाण्याचाही प्रश्न एखाद्या सभासद भगिनीने उभे राहून विचारावा. तिचे बोलणे आपण शांतपणे ऐकून घेऊ.